चावी कुणाच्या घरी?

मंडळी, पाण्याची चावी सोपवायची तर भरवसा कुणाचा धराल? आमच्या गावी पाच गल्ल्यांच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन नगरपालिकेत शिरल्या. नगराध्यक्ष भाऊसाहेब हसून म्हणाले, "पाणी थोडं आहे. आधी कुठल्या गल्लीला सोडू, तेवढं सांगा."

बाया एकमेकींकडे संशयाने बघू लागल्या. मी दुकानदार माणूस, मागे उभा होतो; लगेच ओळखलं, आता मोर्चा फुटणार.

मोर्चातल्या द्रौपदाताई शांतपणे म्हणाल्या, "नाव कशाला, साहेब? व्हॉल्व्हची चावी पाइपाच्या शेवटच्या घरी द्या. त्यांची घागर भरली की बंद करतील. सगळ्यांना मिळाल्याशिवाय पाणी तिथवर पोचतंय कुठे?"

भाऊसाहेबांचा बंगला पाइपाच्या तोंडाशी, आणि चावी आजवर तिथेच. सगळ्यांदेखत त्यांना ती काढून द्यावी लागली.

आता पाणी वाटायला समिती झालीय, तिच्यावर प्रत्येक गल्लीची बाई बसते. उद्या अशा समितीवर तुम्ही बसाल, तेव्हा बाबांनो, वाटपाचा हिशेब तेवढा खरा ठेवा.