बेलात रुतलेली पळी

बेलकोंडची राई लांबून बघा. आत जायचंच असेल तर हात पाठीमागे बांधून जायचं, डहाळीला धक्का लावायचा नाही. पायवाट संपते तिथं एक जुना बेल आहे. त्याच्या बुंध्यातून, कमरेच्या उंचीवर, वीतभर लोखंडी दांडा बाहेर आलाय. ती पळी आहे. तिचं तोंड आत लाकडात आहे. कुणी ठोकलेली नाही, झाडानेच धरून ठेवलीय, असं सांगतात.

आणि फाल्गुनात गावात आलात तर आणखी एक दिसेल. बेलफळाचा मुरांबा करताना इथल्या बाया पदराने तोंड बांधतात, नाकाखालून गच्च. पाहुण्या बाया विचारतात, धुरासाठी का? धुराचं कुणाला काय, धुरात आमचा जन्म गेला. ते त्या पळीसाठी आहे.

फार मागं गावात रक्ताची हगवण आली होती म्हणे. बारवेचं पाणी हिरवं झालेलं, आणि सगळं गाव तेच पीत होतं. आधी म्हातारी माणसं गेली, मग पोरं आडवी पडायला लागली. ठकू नावाची एक बाई होती. नवरा साथीच्या पहिल्याच आठवड्यात गेला. घरात उरल्या ठकू, सासू आणि पाच वर्षांची लेक रंगू. रंगूचे डोळे खोल गेले होते. चिमटा घेतला तर कातडी तशीच उभी राहायची.

त्या दिवसांत एक वैदीण गावावरून चालली होती. तिने रंगूचं पोट दाबून पाहिलं आणि म्हणाली, "पाणी उकळून पाज. आणि अर्धकच्चं बेलफळ गुळाच्या पाकात शिजवून चमचा चमचा दे. पिकलेलं देऊ नको, उलट जास्त सुटेल."

इथंच अडलं. बेल होते ते फक्त राईत, आणि राईचा कायदा शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. खाली पडलेलं फळ माणसाचं, फांदीवरचं राखणदाराचं. खाली पडतं ते पिकूनच पडतं. कच्चं हवं तर फांदीला हात घालायला हवा. राखणदार कुणी पाहिला नव्हता. पण एका गुराख्याने शेळीसाठी एक डहाळी तोडली होती, आणि आठ दिवसांत त्याच्या घरात चूल पेटवायला माणूस उरलं नाही, असं सांगतात.

ठकू भर दुपारी गेली. आत रातकिडे दिवसाच ओरडत होते. ती बेलाखाली उभी राहिली आणि तोंडाने बोलली, "फळं नेते. माझ्यासाठी नाही, पोरांसाठी. यातला कण माझ्या जिभेला लागला तर मला ठेवून घे. पोरीकडे बघायचं नाही."

किडे गप्प झाले.

कच्चं बेलफळ पिरगाळल्याशिवाय तुटत नाही. हे नुसतं बोट लागताच तळहातावर आलं, वरून कुणी देठ सोडावा तसं. दुसरंही तसंच. तिला वाटलं, इथूनच पळत सुटावं. पण गावात आजारी पोरं किती होती ते तिला माहीत होतं. तिने अकरा फळं ओच्यात घेतली आणि वळली. मागं पाचोळा वाजला. ती थांबली, पाचोळा थांबला. ती चालली, पाचोळा चालला. राई संपेपर्यंत तिने मान वळवली नाही.

घरी सासूने देठ पाहिले. "पडकी नाहीत ही. देठ ओले आहेत."

"नाहीत पडकी."

"ठके, काय करून आलीस?"

ठकूने बोललेलं सगळं सांगितलं. म्हातारीने वरवंटा ओढला. "आणलीस ना, आता फोडायला लाग. रडायचं ते पाक झाल्यावर रड."

दोघींनी कवट्या फोडल्या, चकत्या कापल्या, दाभणाने बिया आणि चीक काढला. चकत्या चुन्याच्या निवळीतून काढून उकळल्या आणि गुळाच्या पाकात सोडल्या. फळ पडलं की पाक पातळ होतो. मग तो परत आटवायचा आणि परत परत तार बघायची. ठकूने पळीतला थेंब चिमटीत धरला, ओढला. तार आली. आणि बोट तोंडात गेलं.

ठरवून नाही केलं तिने. सातव्या वर्षापासून चुलीपुढे बसलेली बाई, तार बघितली की बोट चाटते. कुठलीही चाटते. गोडी जिभेवर पसरली तेव्हा तिला कळलं.

मागच्या परड्यात पाचोळा वाजला. परड्यात झाड नव्हतं.

"आत्याबाई, ऐकलंत?"

"ऐकलं," सासू म्हणाली. "ढवळ. बुडाला लागेल."

पहिला चमचा रंगूला दिला. मग ठकू बरणी घेऊन घरोघर फिरली. दुसऱ्या दिवशी रंगूने पाणी पोटात ठेवलं. तिसऱ्या दिवशी भाकरी मागितली. पण पाचोळा रोज दुपारी वाजत होता. आधी परड्यात, मग गोठ्याशी, मग मागच्या भिंतीला लागून. ठकू रंगूला मांडीवर घेऊन दाराकडे तोंड करून बसायची. पोर बरी होत होती, आणि ती जितकी बरी होत होती तितकी ठकूला तिच्यासाठी भीती वाटत होती. बोललेलं तो पाळेल ना? की हाताशी येईल ते उचलेल?

"माहेरी जा," सासू म्हणाली. "आत्ताच नीघ."

"मी नाही सापडले तर तो इथून कुणाला नेईल?"

दोघींनी रंगूकडे पाहिलं.

"मी जाते," म्हातारी म्हणाली. "माझी हाडं आता काय कामाची."

"चाटलं मी, आत्याबाई. तुम्ही कशा चालाल?"

पाचव्या दिवशी कुंभाराचं तान्हं दूध प्यायला लागलं. आजारी म्हणून तेवढं एकच उरलं होतं. त्या दुपारी पाचोळा उंबऱ्याशी वाजला. उंबरा स्वच्छ होता, सकाळीच सारवलेला. ठकूने बरणीतली पळी उचलली. हात रिकामा नको म्हणून उचलली असेल.

"कुठं चाललीस?" रंगूने विचारलं.

"पळी धुऊन आणते," ठकू म्हणाली.

सासू मागोमाग राईच्या कडेपर्यंत गेली, मग आत शिरली. धुळीत ठकूची पावलं होती, बेलापर्यंत नीट गेलेली. परतीची नव्हती. बुंध्यात पळी रुतली होती आणि दांड्यावर पाक ओला होता. त्याला एक मुंगी लागलेली नव्हती.

साथ तिथंच थांबली. परड्यातला पाचोळाही थांबला. पुढच्या फाल्गुनात सासू तोंड बांधून राईत गेली. म्हणाली, "आमची एक ठेवून घेतलीस. आता दरसाल अकरा फळं द्यायची." फळाला बोट लावलं, फळ हातात आलं.

आजही दरसाल अकराच फळं उतरतात, बारावं कुणी मागत नाही. आजही करणारी बाई तोंड बांधून तार बघते, आणि आपल्या हातचा मुरांबा तिने जन्मात चाखलेला नसतो. पहिला चमचा पाहुण्याला देतात. तुम्हालाही देतील. ती तुमच्या तोंडाकडे बघत विचारेल, गोड झालाय का. तिला खरंच ठाऊक नसतं. विचार करत बसू नका, लगेच सांगा. तुम्ही बोलेपर्यंत तिचा एक कान परड्याकडे असतो.