हुप्प्याचा चौथा खांब

फार फार वर्षांमागची गोष्ट आहे. तेव्हा बैल बोलत असत आणि माणसं त्यांचं ऐकत असत. लहानांना हे लगेच पटेल. मोठ्यांनी गोष्ट संपेपर्यंत जरा दम धरावा.

समुद्राकाठी एक गाव होतं. त्या गावात इस्राएली तेल्यांची चार घरं होती. शनिवार हा त्यांचा शब्बाथ, देवाने सांगितलेला विसाव्याचा दिवस. त्या दिवशी त्यांचे घाणे बंद असत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. या रिवाजाने त्यांच्या बैलांनाही आठवड्याची सुट्टी मिळे, आणि गावातले बाकीचे बैल त्यांच्यावर जळत.

त्यांतलाच एक एलोजी तेली. माणूस सोन्यासारखा, पण कुणाला 'नाही' म्हणणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. बायको देवाघरी जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात तो, मुलगी सिपोरा आणि खैऱ्या नावाचा बैल.

सिपोराचं लग्न ठरलं. नवरा मुलगा पलीकडच्या गावचा, गलबतावर खलाशी. मुहूर्त गुरुवारचा, सूर्य मावळायच्या आत. त्यांचा दिवस आदल्या संध्याकाळपासून मोजतात, म्हणून शुक्रवारी संध्याकाळीच शब्बाथ लागणार, रविवारी गलबत निघणार, ते दहा महिन्यांनी परत येणार. गुरुवार चुकला की लग्न गेलं पुढच्या वर्षावर, आणि खलाशाचं पुढचं वर्ष कुणी पाहिलंय?

इस्राएली लग्नात नवरानवरीच्या डोक्यावर हुप्पा धरतात. चार खांब, ते धरायला चार माणसं, आणि वर कापडाचं छत. सिपोराचं मागणं एवढंच होतं.

"बाबा, वर तुमची सिसिथ लावा. तुमचं नि आईचं लग्न तिच्याचखाली झालं. मला दुसरं काही नको."

सिसिथ म्हणजे पुरुष प्रार्थनेच्या वेळी अंगावर घेतात ती गोंड्यांची शाल. एलोजीच्या सिसिथला मधोमध ठिगळ होतं. ते बायकोने लावलेलं होतं.

"लावू की," एलोजी म्हणाला. पण काळजी त्याला लागलीच होती. आई नसलेल्या पोरीचं लग्न. काही उणं पडलं तर लोक म्हणणार, आई असती तर असं झालं नसतं. तेव्हा चार जाणती माणसं जवळ असावीत, असं त्याला वाटलं. चार शोधायला गेला, तीनच मिळाली. पण ती तीस जणांना पुरून उरणारी होती.

पहिले चुलते दाऊदकाका. त्यांना सगळे रिवाज ठाऊक होते, आणि रोज नवे ठाऊक होत. मेंदी वाटायला घेतली की ते म्हणत, "आपल्यात अशी नाही वाटत." पुसलं, "मग कशी?" तर म्हणत, "ते बघावं लागेल." सिसिथचं ठिगळ पाहून तर त्यांनी कपाळाला हात लावला.

दुसरी थोरली बहीण रिबकाआक्का. ती कामाला आली होती, पण आल्याआल्या रुसली होती. का रुसली हे विचारलं नाही म्हणून ती आणखी रुसली. घरातलं एक माणूस दिवसभर तिची समजूत काढण्यातच अडकून पडे.

तिसरे जमातीचे मुकादम. ते प्रत्येक कामाला म्हणत, "मी आहे ना!" आचारी? "मी आहे ना, त्याला निरोप दे, नको येऊ म्हणावं, दुसरा आणतो." ठिगळाची सिसिथ? "छे! मखमलीचं छत येईल. मी आहे ना!"

एलोजी सगळ्यांना हो म्हणत गेला.

बुधवार उजाडला. मेंदी तशीच पडली होती. आचारी नव्हता. मखमल नव्हती, खांब नव्हते, आणि पुऱ्या तळायला घरात तेल नव्हतं. होय, तेल्याच्या घरात! लोकांचे पाहुणचार करता करता आठ दिवसांत एलोजीने घाणा चालवलाच नव्हता.

सिपोराने हे सगळं पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, हे लग्न माझ्यावाचूनच उरकून घ्या. मी नसले तरी कुणाच्या ध्यानात यायचं नाही." आणि ती आत जाऊन आईच्या पेटीवर डोकं टेकून रडायला लागली.

एलोजी परसात घाण्यापाशी आला. त्यालाही रडू फुटलं. खैऱ्या रवंथ करत होता. तो तसा अबोल बैल. शनिवारची सुट्टी मिळते त्याला तक्रारी कमी असतात. पण आज त्याने तोंडातला घास संपवला आणि म्हणाला, "मालक, घाण्याच्या फिरत्या फळीवर काय ठेवता?"

"दगड ठेवतो. वजनाला. नाहीतर मीच बसतो."

"आणि ओढतं कोण?"

"तू."

"तुमच्या फळीवर आठ दिवस तीन जण बसलेत. तुम्ही नुसते गोल फिरताय. मी निदान तेल तरी काढतो."

एलोजीने डोळे पुसले. बैल म्हणाला, "आज मी बसून राहतो. तुम्ही सगळ्यांना हाक मारा आणि कोण काय करतं ते बघा."

"अरे, पण हे खोटं नाही का?"

"मी कुठे काय बोलणार आहे? मी फक्त बसणार. बोलायचं ते लोक बोलतील." आणि चारी पाय दुमडून तो खाली बसला.

एलोजीने हाक मारली. "धावा हो! बैल बसला! तेल कसं काढू?"

दाऊदकाका आले. "आपल्यात बैल बुधवारी बसत नाही," ते म्हणाले आणि नीट बघता यावं म्हणून फळीवर बसले. रिबकाआक्का आली. "मला सगळ्यात शेवटी हाक मारलीस," असं म्हणून तोंड फिरवून तीही फळीवर बसली. मुकादम आले. "घाबरू नकोस, मी आहे ना!" आणि उरलेल्या जागेत तेही टेकले.

एलोजीने खांद्यावर जू घेतलं आणि ओढायला लागला. घाणा तसूभर हलला नाही.

तेवढ्यात शेजारची हन्नाबाई कुंपणावरून डोकावली. हाताला तिच्या पीठ होतं. ती आत आली आणि म्हणाली, "कुठे धरू?"

टोपली घेऊन जानकी कोळीण चालली होती. तिने टोपली उतरवली, पदर खोचला. "अरं देवा, एकटा वढतंय बिचारा! कुटं धरू?"

मागून लंगडत सुतार बन्याजी आला. "एलोजी, पायाने मी अधू, पण हात दोन्ही शाबूत आहेत. कुठे धरू?"

चौघांनी जोर केला. घाणा करकरला आणि फिरू लागला. तेलाची धार लागली. वर बसलेल्यांना चक्कर आली, पण उतरलं कुणी नाही. उलट दाऊदकाका म्हणाले, "जरा हळू. आपल्यात एवढ्या जोरात नाही फिरवत."

एलोजीने घाम पुसला आणि खैऱ्याकडे पाहिलं. खैऱ्याने डोळे मिटून घेतले होते.

मग कामाला वेग आला. हन्नाबाईने मेंदी वाटून सिपोराच्या हातांना लावली. जानकीने तिला पोटभर हसवलं आणि आचाऱ्याला घरून ओढून आणलं. बन्याजीने चार खांब तासले.

गुरुवारी दिवस कलायला लागला. रिवाजाप्रमाणे गात गात नवरा आला. हज्जान, म्हणजे प्रार्थना म्हणणारे म्हातारे गुरुजी, पोथी उघडून उभे राहिले. मखमल काही आली नव्हती. तरी तिघे नटूनथटून पुढे झाले.

"उजवा खांब थोरल्यांचा," दाऊदकाका म्हणाले.

"मला डावा देणार, माहीत होतं मला," रिबकाआक्का म्हणाली.

"चारही द्या," मुकादम म्हणाले, "मी आहे ना!"

एलोजीने दारात उभ्या सिपोराकडे पाहिलं. तिचे डोळे ठिगळाच्या सिसिथवर होते.

"नाही," एलोजी म्हणाला.

हा शब्द त्याच्या तोंडून प्रथमच निघत होता, त्यामुळे जरा मोठ्याने निघाला. कावळे उडाले.

"तुम्ही मानाचे पाहुणे. समोर बसा. खांब कुणी धरायचे ते मी ठरवलंय." आणि त्याने एक खांब हन्नाबाईला दिला, एक जानकीला, एक बन्याजीला. चौथ्यापाशी तो अडला. त्याला स्वतःला मुलीजवळ उभं राहायचं होतं. तेवढ्यात परसातून खैऱ्या आला, मान खाली घालून उभा राहिला आणि म्हणाला, "कुठे धरू?"

एलोजीने त्याच्या मानेवर जू ठेवलं आणि खांब त्या जुवाला बांधला.

"बैल! हुप्प्याला!" दाऊदकाका ओरडले. "आपल्यात असं नसतं! गुरुजी, सांगा याला!"

हज्जानांनी चष्मा सारखा केला. "बैल शब्बाथ पाळतो ना?"

"पाळतो," एलोजी म्हणाला.

"मग सुरू करू या. ऊन उतरतंय."

तिघे जण यावर वाद घालायला अंगणाच्या कोपऱ्यात गेले. इकडे समुद्राचा वारा सुटला. सिसिथ फडफडली, पण एकही खांब हलला नाही. खैऱ्याने माशीसुद्धा हाकलली नाही. मनुकांच्या सरबताचा प्याला फिरला, अंगठी बोटात गेली, सात आशीर्वाद झाले. सिपोराने वर पाहिलं. नेमके तिच्या डोक्यावर आईने घातलेले टाके होते. ती हसली, आणि एलोजीला सहा वर्षांत पहिल्यांदा हलकं वाटलं.

शेवटी रिवाजाप्रमाणे नवऱ्याने टाचेखाली पेला फोडला. खळ्ळकन आवाज झाला तेव्हा कोपऱ्यातले तिघे दचकून वळले.

"झालं?" मुकादमांनी विचारलं.

"झालं," एलोजी म्हणाला. "चला, पानं वाढलीत." त्याने स्वतः तिघांना आग्रह करून वाढलं. राग त्याच्या मनात नव्हता. पुऱ्या उत्तम झाल्या होत्या, आणि तिघे पोटभर जेवले. रिबकाआक्का तर रुसायचीही विसरली. खैऱ्याला गूळ मिळाला, आणि शुक्रवारची जास्तीची सुट्टी.

म्हणून बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, शुभकार्य काढाल तेव्हा ध्यानात ठेवा: 'मी आहे ना!' म्हणणाऱ्याला पान वाढावं, आणि 'कुठे धरू?' म्हणणाऱ्याच्या हाती खांब द्यावा.