एक तीळ

फार पूर्वी, यवनांची, म्हणजे ग्रीकांची, गलबतं कोकणच्या बंदरांना लागत त्या काळी, एका घाटमाथ्यावर एक चिक्कीवाली राहत असे. ती गुळाच्या पाकात तीळ आणि अक्रोड घालून चिक्की करी. पाकाचा थेंब ती गार पाण्यात टाकी आणि त्याची गोळी ताटलीवर आपटून बघी. 'टण्' असा आवाज झाला की मगच कढई उतरवी. तिची चिक्की कधी दाताला चिकटली नाही.

घाटाखाली एक गुहा होती. यमाच्या घराची वाट तिथून जाते, असं लोक म्हणत. प्रत्येक घाण्यातली पहिली वडी गेलेल्या माणसांच्या नावानं गुहेच्या तोंडाशी ठेवायची, अशी तिथली रीत होती.

चिक्कीवालीला दोन मुलं होती. त्यातला थोरला तापानं गेला. तेव्हापासून ती एकच वडी न ठेवता सगळा घाणाच गुहेशी नेऊन ठेवू लागली.

धाकटी सात वर्षांची होती. ती चुलीपाशी आली की आई म्हणे, "हात लावू नकोस. दादाचं आहे ते."

पुढे पुढे गूळ उकळायला लागला की मुलगी आपणच उठून मागच्या अंगणात जाऊन बसू लागली.

वर्षाच्या शेवटी, नेहमीप्रमाणे, बैलांचा तांडा घेऊन एक यवन व्यापारी घाट चढून आला.

"बाई, चिक्की काढा. आमच्याकडेही तिळाच्या वड्या करतात, मधातल्या. पण त्या खाल्ल्यावर दात जागेवर राहतात."

"दात सांभाळायचे असतील तर मऊ भात खावा," ती म्हणाली. पण हसली नाही. "या वर्षी विकायला नाही काही."

का नाही, ते कळल्यावर यवन खाली बसला. तिला थोडा विरंगुळा व्हावा म्हणून त्यानं आपल्या मुलखातली गोष्ट काढली. "आमच्याकडेही मेलेल्यांच्या राज्याला दार आहे. दाराशी कुत्रा बसतो. तीन तोंडांचा."

"यमाचे दोन कुत्रे आहेत, असं आमच्याकडच्या म्हाताऱ्या सांगतात. चार चार डोळ्यांचे."

"असतील. आमचा गेलेल्याला बाहेर सोडत नाही आणि जिवंत माणसावर भुंकून त्याला परत पाठवतो. आत तर त्याहून वाईट. एका राजकन्येनं तिथे डाळिंबाचे चार दाणे खाल्ले, तर वर्षातले चार महिने तिला तिथेच राहावं लागलं. तिथलं जो खाईल, तो तिथला."

चिक्कीवालीनं एवढंच विचारलं, "त्या कुत्र्याला गोड चालतं?"

यवन चपापला. "बाई, ही नुसती गोष्ट आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पाक लवकर उतरवला.

"आई, गोळी वाजली नाही," मुलगी दारातून म्हणाली.

"आज वाजायची नाही. तू घरातच थांब."

कच्च्या पाकाचे तीन मोठे गोळे घेऊन ती गुहेत शिरली. कुत्रा खरंच होता, आणि त्याला तीनच तोंडं होती. तिनं तिन्ही तोंडांत एकेक गोळा टाकला. जबडे चिकटले. त्याला भुंकता येईना की चावता येईना. ती त्याच्या अंगावरून आत गेली.

आत मुलगा बसला होता. त्याच्यामागे वर्षभराच्या चिक्कीची रास होती. एकही वडी तुटलेली नव्हती.

"खाल्ली नाहीस?"

"इथे भूक लागत नाही, आई."

तिनं त्याचं मनगट धरलं. "चल. आता कुणी अडवणार नाही."

"पण तिला कशाला आणलंस?"

तिनं मान वळवून राशीकडे पाहिलं. राशीच्या पलीकडे धाकटी उभी होती. हातात वडी होती. वडी तोंडाशी पोचली होती.

"मी तुझ्या मागून आले," मुलगी घाबरून म्हणाली. "कुणी भुंकलंच नाही. एवढी आहे, आई. एक घेऊ?"

"नको!" आई ओरडली, पण मुलीनं हात खाली घेतला नाही. चिक्की तिच्याच हातची होती. दादाचं, दादाचं म्हणून तिनंच ती इथे आणून ठेवली होती, आणि आता ती इथली झाली होती. धाकटी चार पावलांवर होती. थोरल्याचं मनगट सोडल्याशिवाय तिथे हात पोचत नव्हता.

"आई, सोड," मुलगा म्हणाला.

तिनं सोडलं. धावत जाऊन मुलीच्या हातावर फटका मारला. वडी खाली पडली.

"गिळलंस काही?"

"एकच तीळ," मुलगी रडत म्हणाली. "ओठाला लागला होता."

आईनं वळून पाहिलं. रास होती. मुलगा नव्हता.

तिनं धाकटीला उचलून गुहेच्या बाहेर उभं केलं आणि स्वतः कुत्र्याशी बसली. त्याची तोंडं बंद राहिली तर उद्या गावातलं कुठलंही पोर आत येईल, हे तिला कळलं होतं. तिनं बोटांनी खरवडून पहिलं तोंड मोकळं केलं, मग दुसरं. तिसऱ्यापाशी तिचा हात थांबला. ते मोकळं झालं की कुत्रा तिन्ही तोंडांनी भुंकणार होता आणि पुन्हा आत जाता येणार नव्हतं.

बाहेरून मुलगी म्हणाली, "आई, भूक लागली."

तिनं तिसऱ्या तोंडात हात घातला.

ते भुंकणं घाटमाथ्यावरच्या तांड्यातही ऐकू गेलं. यवनाचे बैल दावी तोडून पळाले.

तेव्हापासून दरवर्षी त्या तिथीला धाकटी उठत नाही. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत अंग गार पडतं, श्वास जेमतेम चालतो. एका तिळाचा एक दिवस. त्या दिवशी आई चूल पेटवत नाही. मुलीचा हात हातात धरून बसून राहते.

बाकीचे दिवस गोळी टणकन वाजते. पहिली वडी, गरम असतानाच, धाकटीच्या हातावर येते. दुसरी गुहेशी जाते. एकच.

तात्पर्य: गेलेल्याचा वाटा जरूर काढावा, पण जो दारात भुकेला उभा आहे, त्याच्या वाट्यातून नव्हे.