बोंबतळ्याच्या बंद खिडक्या

गार्गी, हातातलं सगळं बाजूला ठेव आणि ऐक, आत्ता काय झालंय! आमचा रविवारचा वॉक होता ना, जहागिरीच्या बागेतून तळ्यापर्यंत आणि मग पाटाच्या कडेकडेनं? सगळा सपाट रस्ता, गुडघेदुखीवालेसुद्धा आरामात चालतात. तर तळ्यापाशी आलो आणि आमच्या आयोजक पोरानं तोंडावर बोट ठेवलं. ‘सायलेंट वॉक’ म्हणे! तिथे पाटीच ठोकलीये, ‘शांतिसागर, कृपया शांतता राखा’. वाट दाखवायला गावातले हिंदुरावतात्या आले होते, ऐंशीच्या घरातले. ते बोट बघून असे लालबुंद झाले!

“त्ये बोट खाली घे आधी,” म्हणाले. “हितं गप बसायचं नस्तंय. हितं गप बसली म्हणून मान्सं गेली. आन् शांतिसागर काय? बोंबतळं म्हनायचं ह्येला.”

मग त्यांनी काठीनं समोरचा महाल दाखवला. बागेकडनं तो इतका देखणा आहे, कोरीव सज्जे, कमानी, सगळे फोटो काढत सुटले होते. पण तळ्याच्या बाजूला वर-खाली सगळ्या खिडक्या विटांनी चिणून टाकलेल्या. एक फट नाही. तळ्याकाठी महाल बांधायचा आणि तळ्याकडेच पाठ करायची, असं कोण करतं?

तर असं सांगतात, की हे तळं खालच्या वाडीच्या लोकांनी खणलं. पाटही त्यांनीच खणला. पाट सरळ वाडीच्या शेतांत जायचा, पण जहागीरदार सरकारांना प्रत्येक खिडकीतून वाहतं पाणी दिसायला हवं होतं. म्हणून आधी महालाभोवती बागेतनं वळणं वळणं घेऊन मगच खाली सोडला. तेही लोकांनी मुकाट खणलं. मग सरकारांना दुपारची झोप लागेना. झालं! तळ्याकाठी कुणी आवाज करायचा नाही. ही दवंडी पिटली आणि पिटून झाल्यावर ढोल जप्त केला, म्हणे. बैलांच्या गळ्यातल्या घंटा काढल्या. रडकं पोर असेल तर बाईनं डोंगराकडनं वळसा घालून जायचं. आणि जो आवाज करेल त्याला शिक्षा नाही, त्याच्या सगळ्या वाडीचं पाणी बंद. एकानं तोंड उघडलं की सगळ्यांची पिकं वाळणार. किती हलकट डोकं बघ! पहारेकरी फारसे लागलेच नाहीत, लोकच एकमेकांना गप करायला लागले.

त्या वाडीत ठकू नावाची परटीण होती. तळ्याच्या घाटावर तिचा धुण्याचा दगड. आता परटिणीला धुणं आपटायची बंदी म्हणजे काय? ती बिचारी कपडे नुसते चोळायची, मग पिळायची, हात सोलून निघायचे. आधी ती मोठ्यानं बोलणारी होती, नवऱ्याला, केरबाला, घाटावरनं हाक मारायची ती शिवारात ऐकू जायची. केरबा तिला चिडवायचा, “तुझ्या हाकेनं माझी औतं थांबत्यात गं.” हळूहळू ती घरातसुद्धा कुजबुजायला लागली. चुलीपाशीही. नवरा म्हणायचा, “अगं, हितं कोण ऐकतंय?” तरी तिचा आवाज वर चढेना.

एका उन्हाळ्यात पाटातला गाळ काढायचं काम निघालं. तळ्याचं पाणी जिथनं पाटात सुटतं, त्या मोरीचं लाकडी दार बंद केलं आणि वाडीतले पुरुष खालच्या खोल भागात उतरले. दोन्ही बाजूंना काठ उंच, पाठी वाकलेल्या, फावडी चाललेली. केरबा सगळ्यात वरच्या टोकाला, तळ्याच्या बाजूला. ठकू वर घाटावर धुणं चोळत होती. आणि तिनं पाहिलं, दाराची फळी फुगलीये. मग चिरली. मग मधोमध फुटली आणि पाणी पाटात घुसलं.

तिथून एक हाक मारली असती तर खाली पोचली असती. तिची तर नक्कीच. शिवाय पाणी आधी सरकारांच्या बागेतली सगळी वळणं घेणार होतं, तेवढा वेळही होता. ठकूनं तोंड उघडलं. आणि तिला डोळ्यांपुढे वाडीची वाळलेली शेतं दिसली. तिनं तोंड मिटलं आणि ती धावत सुटली.

धावली गं ती! हाक न मारता, अनवाणी, चवड्यांवर, पायांचासुद्धा आवाज होऊ नये म्हणून!

वाटेत महालाचा पहारेकरी. त्यानं हेच केलं, तोंडावर बोट.

“फळी फुटली,” ठकू कुजबुजली.

“काय?”

“मोरीची फळी. पाणी सुटलं. मान्सं हायती खाली.”

“हळू बोल की! सरकार निजल्यात.”

ती त्याला ढकलून पुढे गेली. पाटाच्या काठावर पोचली. खाली सगळ्यांच्या पाठी तिच्याकडे. तिनं हात हलवले. पदर हलवला. कोण बघतंय? शेवटी तिनं मातीचं ढेकूळ उचललं आणि केरबाच्या पाठीवर मारलं. त्यानं वळून वर पाहिलं. आणि हसला. त्याला वाटलं बायको चेष्टा करतेय. किती दिवसांत तिनं चेष्टा केली नव्हती, म्हणून तो जास्तच खूश झाला असणार. त्यानंही खालचं एक ढेकूळ उचललं, तिला मारायला.

वरच्या वळणावर पाणी दिसलं आणि तेव्हा कुठे ठकूच्या गळ्यातनं बोंब फुटली. सांगतात, ती ऐकून झाडांवरचे बगळे उडाले आणि महालात सरकार अंथरुणावरनं खाली पडले. खालच्या टोकाचे लोक काठावर चढले. वरच्या टोकाच्यांना चढायला वेळ मिळाला नाही. केरबा त्यांच्यातला.

आता खरा संताप ऐक. संध्याकाळी महालातनं कारभारी आला. वाडीत चिता पेटलेल्या. कुणाचं कोण गेलं, त्यानं विचारलं नाही. त्यानं विचारलं, “दुपारी बोंब कुणी मारली?”

लोक चितांत लाकडं सारत राहिले.

“ठीक आहे. उद्यापासून वाडीचं पाणी बंद.”

ठकू चितेपाशी बसली होती, ती उठली. “मी मारली,” म्हणाली, आणि कुजबुजली नाही. “उशिरा मारली. आता थांबणार न्हाई म्हणून सांग तुझ्या सरकाराला.”

ती सरळ घाटावर गेली. धुणं बडवायचं लाकडी धोपाटणं घेतलं आणि रिकाम्या दगडावर आपटायला लागली. कपडा नाही, पाणी नाही, नुसता दगड. थाप्प! “पाणी सोड!” थाप्प! “पाणी सोड!” पहारेकरी धावले, पण तोवर वाडीतल्या बायका आल्या. कुणाकडे मुसळ, कुणाकडे परात. मग पुरुष आले. कालपर्यंत एकमेकांना गप करणारे सगळे. सरकारांनी दारं लावून घेतली. मग तळ्याकडच्या खिडक्या चिणून घेतल्या. तरी आवाज येतोच. मग धुण्याचा दगडच तळ्यात लोटायला लावला. आणि म्हणे, त्या रात्रीपासून आवाज पाण्याच्या आतनं यायला लागला. थाप्प, थाप्प, महालाच्या पायातनं, पलंगाच्या खालनं. सरकारांनी मोरीचं नवं दार उघडून दिलं, पाणी वाडीला गेलं, आणि ते स्वतः बंद छकड्यात बसून निघून गेले. बैलांच्या गळ्यातल्या घंटा लोकांनी परत बांधल्या होत्या. वेशीपर्यंत वाजत गेले, म्हणे.

पुढच्या उन्हाळ्यात तळं आटलं तेव्हा दगड सापडला. लोकांनी तो उचलून परत घाटावर ठेवला.

आजही त्या खिडक्या तशाच आहेत, कुणी उघडत नाही. आजही दगडापाशी धोपाटणं ठेवलेलं असतं. झिजलं की वाडी नवं करते. आणि पाटाच्या वाटेनं जाणाऱ्यानं, मग तो गावचा असो की आपल्यासारखा बूट घालून आलेला, ते उचलून एकदा आपटायचं आणि पोटातनं ओरडायचं, हीच रीत. एवढं सगळं सांगून तात्या म्हणाले, “आन् तुम्ही हितं शांततेची पाटी लावता? ठकूच्या घाटावर?” आणि धोपाटणं उचलून असं आपटलं, की त्या चिणलेल्या भिंतीतनं आवाज परत आला. आयोजकाचं बोट अजून वरच होतं, बावळटासारखं. मग आम्ही सगळ्यांनी आपटलं. एक काकू तर थांबायलाच तयार नव्हत्या, रडत होत्या आणि आपटत होत्या. पाटी आता तळ्यात आहे. कुणी टाकली ते विचारू नकोस.

पण घरी येईपर्यंत माझ्या डोक्यातनं ते ढेकूळ जाईना. खरं सांग गार्गी, विचार करून नको सांगूस. सगळ्या वाडीचं पाणी तुझ्या एका हाकेवर, समोर तो बोटवाला, आणि खाली तुझा माणूस पाठमोरा. तू घाटावरूनच ओरडली असतीस? की तूही ढेकूळच शोधलं असतंस?