नाव न ठेवलेलं अंजीर

एका चातुर्मासात मी नेम धरला होता, बरं का. चातुर्मासात कुणी वांगं सोडतं, कुणी कांदा-लसूण सोडतं. मी दत्तापुढे निरांजन लावलं आणि म्हटलं, "देवा, मी नावं ठेवणं सोडते." शेजारणी हसल्या. म्हणाल्या, "अगं, त्यापेक्षा साखर सोड, सोपं जाईल!" चातुर्मास संपला, पण नेम काही मी सोडला नाही. का नाही सोडला, त्याचीच गोष्ट सांगते. या, गोधडीत शिरा. निमा, पाय आत घे.

एक होता राजा. राज्य एवढंसं. दोन डोंगरांच्या मधे मावेल एवढं. पण त्याच्या घराची एक नवलाई होती. आपण म्हणतो ना, तिन्हीसांजेला वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते? आपली वास्तू मनात म्हणते. राजाची वास्तू मोठ्यानं म्हणायची! दिवा लागला की भिंतीतून आवाज यायचा, "तथास्तु." मग जे बोललं गेलं असेल ते खरं व्हायचं.

म्हणून त्या घरात एक रीत होती. तिन्हीसांजेला थोरल्यांनी तेवढं बोलायचं. सुनेनं दिवा लावायचा आणि गप्प राहायचं. थोरली कोण? राजाची मोठी बहीण. सगळे तिला आत्याबाई म्हणत. बारशाला नाव आत्यानंच ठेवायचं असतं ना? त्या घरात सगळ्याच गोष्टींची नावं आत्याबाई ठेवायची. वासराचं, विहिरीचं, झाडाचं. राजाच्या बागेत अंजिरं होती. फिकट सालीच्या झाडाला ती म्हणाली 'दुधी', जांभळ्या सालीच्या झाडाला म्हणाली 'काजळी'. वास्तू म्हणाली, तथास्तु. दुधीची फळं आणखी उजळली, काजळीची आणखी काळी झाली.

मग राजाचं लग्न झालं. मुलगी आली डोंगरावरच्या वाडीतून. तिचं नाव हौसा. आई तिला 'हौसे' म्हणायची, आणि ती आई लग्नाच्या आधीच देवाघरी गेलेली. सासरी ताटात तांदूळ पसरून तिचं नवं नाव लिहिलं, चंद्रकला. झालं, हौसा त्या तांदळाखाली गेली.

रुखवतात तिनं काय आणलं? एक काडी. ओल्या फडक्यात गुंडाळलेली. आईच्या अंजिराची.

आत्याबाई म्हणाली, "अगंबाई! रुखवतात काडी? आमच्याकडे चुलीला सरपण आहे हो!"

सगळे हसले. हौसाही हसली. दुसरं काय करणार? मग तिनं परसातली माती मोकळी केली, राख मिसळली, कोंबाचे दोन डोळे जमिनीत जातील एवढी काडी खोवली. पाणी थोडंच घातलं, कारण नव्या काडीला लाड सोसत नाहीत, कुजते ती. आई जाताना तिला म्हणाली होती, "हौसे, अंजीर काडीवरून ओळखू येत नाही. पहिल्या पानावरून नाही, पहिल्या फळावरूनही नाही. पावसात पिकतो तो खट्टा बहार, तो आंबटच. उन्हाळ्याच्या तोंडी पिकतो तो मीठा बहार. तो चाखल्यावर या झाडाचं नाव घे. तोवर मनात ठेव. मी या झाडातच आहे."

तेव्हापासून त्या झाडापलीकडे तिचं कुणी नव्हतं.

काडी फुटली. पहिली पानं साधीच आली, कातरं नसलेली, खरखरीत. तिन्हीसांजेला आत्याबाई परसात आली. "हे कसलं अंजीर? हा तर बोखाडा!" बोखाडा म्हणजे रानातलं उंबरासारखं झाड. त्याची फळं माणूस खात नाही. भिंत म्हणाली, "तथास्तु." पानं आणखीच राठ झाली. मग हौसा रोज पहाटे उठली. ओल्या फडक्यानं एकेक पान पुसलं, बाळाचं तोंड पुसावं तसं. शेवटी एक पान आलं पंजासारखं, पाच बोटांचं. अंजिराचं!

मग एकदा पान खुडताना आत्याबाईच्या हाताला चीक लागला. अंजिराचा चीक खाजतोच. तीही तिन्हीसांजच होती. ती ओरडली, "मेली खाजरी!" भिंत म्हणाली, "तथास्तु." झाडाजवळून जाणाऱ्याला खाज सुटू लागली. राजा म्हणाला, "तोडा ते." हौसानं झाडाला मिठी मारली आणि म्हणाली, "आई, ती खाज मला दे." झाडाची खाज गेली. हौसाच्या तळहातांना आली ती कायमची. त्याच हातांनी ती भाकऱ्या थापायची.

मग आला श्रावण. झाडाला पहिली फळं धरली. खट्टा बहार, बरं का. आंबट, पाणचट. झोडपून पाऊस आला आणि निम्मी गळून चिखलात पडली. हौसाचीही कूस तोवर उजवली नव्हती. दिवा लावून ती तुळशीपाशी उभी होती. आत्याबाईनं चिखलातलं फळ पायानं ढकललं आणि म्हणाली, "वांझोटी! जशी लावणारी, तशी लावलेली."

हौसानं तिच्याकडे नुसतं पाहिलं. भिंतसुद्धा जरा थांबली, बरं का. मग हळूच म्हणाली, "तथास्तु."

"आजी, मग ती का नाही बोलली काही? चांगलं बोलली असती तर?"

तेच तर ना, निमा. रीत होती. सुनेनं गप्प राहायचं. वाईट रीत, पण होती.

यावेळी उपाय नव्हता. शब्द दोघींवर पडला होता. फळं झडली. हौसा राजापुढे गेली. "चैत्रापर्यंत थांबा. मीठा बहार बघा, मग तोडा." राजा वाईट नव्हता, नुसता कंटाळलेला होता. म्हणाला, "ताई म्हणते ते खरंच होतं. थांबून काय करायचं?" कुऱ्हाड पडली. पांढरा चीक वाहिला, दूध वाहावं तसा. एक सरळ फांदी आत्याबाईनं ठेवून घेतली, मोरीजवळ धुणं वाळत घालायच्या दोरीला टेकू म्हणून.

पहाटे हौसा घरात नव्हती. आली तशीच गेली. ओल्या फडक्यात एक काडी घेऊन.

मग काय झालं? अंजिराची फांदी ती. मोरीच्या ओलाव्यात टेकूला मुळं फुटली, पानं फुटली. पुढच्या वर्षीच्या चैत्रात तो टेकू फळांनी लगडला. पडलेला शब्द तोडलेल्या झाडापुरताच होता, की हौसा गेल्यावर भिंतीलाच लाज वाटली, देव जाणे. आत्याबाईनं फळ फोडलं. आत गुलाबी गर, मधासारखा. तुम्हाला माहीत आहे ना, अंजिराचं फूल बाहेर दिसत नाही, ते फळाच्या पोटात असतं? आत्याबाई ते पोटातलं फूल बघत बसली. असं अंजीर बागेत एकही नव्हतं.

दिवेलागण झाली. "याचं नाव..." म्हणाली आणि अडली. दुधी नाही, काजळी नाही. तिनं विचारलं, "अरे, ती काय म्हणायची याला?" कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. आत्याबाई रडली. म्हणाली, "ती परत येऊ दे." भिंत गप्प. त्या दिवसापासून वास्तू कधी बोललीच नाही.

मग राजा स्वतः डोंगरावर गेला. वाडीत एक झाड फळांनी वाकलेलं. खाली पोरं फळं खात होती, "मावशी, मला, मावशी, मला," करत होती. राजा म्हणाला, "चंद्रकला, घरी चल."

ती म्हणाली, "त्या नावाची बाई तुमच्याच घरून गेली. आईनं ठेवलेल्या नावानं हाक मारा. लगेच येते."

राजानं खूप आठवून पाहिलं. त्याला ते ठाऊकच नव्हतं.

"सांग ना तूच."

"मागून घेतलेल्या नावाला मी 'ओ' कशी देऊ?"

तिनं त्याला पाणी दिलं, दोन अंजिरं दिली, वाटेला लावलं. राजा आपल्या घरी राहिला, हौसा आपल्या झाडाखाली. पोटची पोरं नव्हती, पण वाडीतल्या पोरांनी तिला कधी एकटं सोडलं नाही. तळहात मात्र शेवटपर्यंत खाजत राहिले.

"आजी, झाडाचं नाव काय होतं?"

मलाही नाही ठाऊक, बाळा. विचारायचंच राहिलं ना सगळ्यांचं.

चला, डोळे मिटा. आपल्या अंगणात परवा लावलेली काडी आहे ना? तिला दोन बहार येऊ देत. आणि शाळेत नवीन कुणी आलं, उद्या घरात वहिनी आली, तर आधी विचारा, "तुला घरी काय म्हणतात?" तोवर नावं ठेवायची नाहीत. मी धरला तसा एवढा नेम धराल माझ्यासाठी? मग म्हणा हळूच, "हो." झोपा आता. आपली वास्तू ऐकते आहे.