पुलाला बुजणारी घोडी

एकदा एका इनामदाराच्या पागेत एक वृद्ध चाबूकस्वार होता. चाबूकस्वार म्हणजे घोड्यांना स्वारीचे वळण लावणारा. सारी पंचक्रोशी त्याला वस्ताद म्हणे आणि त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ मानी. कोणाच्याही शब्दाला इतका मान मिळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या पागेत चंद्री नावाची घोडी होती. स्वार घेऊन ओढ्यावरच्या लाकडी पुलाशी आली की ती बुजे आणि मागच्या दोन पायांवर उभी राही. वैशाखात तिने वस्तादाच्या सर्वांत गुणी शिष्याला तिथे पाडले. खाली खडक होता. तो जागीच गेला. लोकांनी घोडीच्या कपाळावरचा केसांचा भोवरा पाहिला, तो अशुभ ठरवला आणि मोकळे झाले. मृताच्या आईने इनामदाराकडे एकच मागणे मागितले, की ही घोडी जिवंत राहता कामा नये.

इनामदार म्हणाला, "दसऱ्याला घोड्यांची पूजा असते. त्या दिवशी ही स्वार घेऊन पूल ओलांडून आली तर ठेवू. नाहीतर गोळी."

मृताचा धाकटा भाऊ केरबा वस्तादाकडे आला. "हिला माझ्या हाती द्या. दादानं शिंगरू असल्यापासनं वाढवली हिला. तिच्यात खोट असती तर त्याला कळली असती."

वस्ताद म्हणाला, "खोगीर चढव."

केरबाने काही कमी केले नाही. स्वतःच्या हाताने हरभरा चारला, रोज खरारा केला. घोडी त्याच्या खांद्यावर तोंड टेकून उभी राहू लागली. माळावर तर ती त्याला फुलासारखी नेई. पण पूल जवळ आला की केरबा लगाम घट्ट धरी, "घाबरू नको गं, चंद्रे" म्हणे, आणि घोडी मागच्या पायांवर उभी राही. दोनदा तो पडला. एकदा गळ्याजवळचे हाड मोडले. दसरा आठ दिवसांवर आला तेव्हा तो पुलापाशी मातीत बसून ढसाढसा रडला. "वस्ताद, मरणार ही."

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तादाने आपला शेला काढून केरबाच्या डोळ्यांवर बांधला आणि त्याला चंद्रीवर बसवले.

"वस्ताद, पट्टी घोड्याला बांधतात!"

"गप बस. लगाम सैल सोड आणि आयाळ धर."

वस्ताद पुढे चालू लागला आणि घोडी त्याच्यामागे निघाली. माळाला इतके फेरे झाले, की केरबाला दिशा उरली नाही. अचानक खाली फळ्या वाजल्या. त्याची मूठ आवळायच्या आत तो आवाज संपलाही. त्याने शेला ओढून काढला. पूल मागे पडला होता आणि चंद्री निवांत गवत खात होती.

"घोडी मोकळी असली की रोज याच पुलावरनं कुरणात येते," वस्ताद म्हणाला. "सगळ्यांनी बघितलं, ध्यानात कुणी घेतलं न्हाई. पूल यायच्या आधी वीस पावलं तुझी मूठ आवळते. लगामाची लोखंडी कडी तिच्या जबड्यात रुतते. वर तू म्हणतोस, घाबरू नको. पाठीवरचं माणूस भ्यालंय, म्हणजे पुढं काहीतरी वाईट हाय, एवढंच तिला उमगतं. ती पुलाला न्हाई भ्याली, केरबा. तुझ्या हाताला भ्याली."

केरबा हसला. मग त्याचे हसू मावळले. "दादाची मूठपण आवळायची?"

"व्हय. म्याच शिकवलं व्हतं. एकदा ओल्या फळीवर तिचा पाय घसरला, तवा मी ओरडलो, पूल दिसला की लगाम खेचून धरायचा. तुझा दादा माझ्या शब्दाबाहेर जाणारा नव्हता."

केरबा खाली उतरला. त्याने चंद्रीच्या तोंडातली कडी काढून टाकली.

वस्ताद तसाच केरबाबरोबर त्याच्या घरी गेला आणि दारात उभा राहून मृताच्या आईला सारे सांगितले. काही लपवले नाही. तिने ऐकून घेतले.

"मग इतके महिने गप्प का बसलात?"

"दोष घोडीवर गेला आणि तिला बोलता येत नव्हतं, म्हणून."

ती खांबाला टेकून खाली बसली. मग मुलाला म्हणाली, "केरबा, इनामदारांना सांगून ये. माझं मागणं मी मागं घेतलं. त्या मुक्या जिवाला कुणी हात लावू नका."

वस्ताद उंबऱ्याबाहेर उभाच होता. त्याला कोणी आत या म्हटले नाही. केरबालाही ते म्हणवेना, आणि यात काही वावगे झाले असे वस्तादालाही वाटले नाही.