सगुण मेस्त्रीची तारामती

सहजनाथ महाराजांचा मुक्काम त्या वर्षी दक्षिण कोकणातल्या नांदरूखवाडीत, रवळनाथाच्या देवळात होता. गावचा सगुण मेस्त्री नित्य त्यांच्या पायाशी बसे. एरवी तो सुतारकाम करी आणि जत्रांतल्या दशावतारात राणीचं सोंग घेई. दशावतारात लिहिलेली भाषणं नसतात. उभं राहिल्यावर सुचेल ते बोलायचं. सगुण म्हणे, "शबुद माजे न्हय, देवाचे."

त्याच गावात नरहरशास्त्री वैद्य राहत. हाताला गुण मोठा, पण विद्येचा ताठाही तेवढाच, आणि त्यावरचं औषध काही त्यांच्या बटव्यात नव्हतं. भाद्रपदात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा तापाने गेला. तेव्हापासून त्यांच्या पत्नी भागीरथीबाई बोलेनाशा झाल्या, अन्नावरची वासनाच उडाली. काढे झाले, मात्रा झाल्या. आता बाई जगत नाहीत असं दिसू लागलं, तेव्हा शास्त्रीबुवा त्यांना घेऊन महाराजांकडे आले.

महाराजांनी बाईंकडे पाहिलं आणि म्हणाले, "सगुण, लुगडं नेस. तारामती कर."

शास्त्रीबुवा भडकले. "महाराज, मी अंगारा मागायला आलो, नाटक बघायला नव्हे. माझ्या ग्रंथांत नाही ते या सोंगाड्याला कळणार? सोंगानं करमणूक होते, ज्ञान होत नाही."

"नाडी खोटं सांगत नाही, शास्त्रीबुवा," महाराज म्हणाले, "पण ती सगळंही सांगत नाही. काही गोष्टी दुसऱ्याच्या जागी जाऊन बसल्याशिवाय कळत नाहीत. सगुण जन्मभर तेच करतोय."

भर दुपारी, ना रंग ना पेटी, देवळात जमलेल्या गावापुढे सगुण लुगडं नेसून बसला. राजा हरिश्चंद्राची राणी तारामती, आणि मांडीवर साप चावून गेलेला तिचा रोहिदास. उपरण्याची गुंडाळी हाच रोहिदास. हा विलाप सगुणने कितीदा तरी केला होता, पण आज एक अक्षर ओठावर येईना. शास्त्रीबुवा हसले. सगुणने कासावीस होऊन महाराजांकडे पाहिलं. ते डोळे मिटून, हात जोडून बसले होते.

मग तारामती बोलली. ती रडली नाही. पदराने त्या गुंडाळीचे पाय पुसत म्हणाली, "थांब रे, मातीचे पाय घेऊन कुठे निघालास?" आणि एकदम मान वर करून तिने विचारलं, "मला झोपवून का नेलंत त्याला? मी त्याची आई ना? शेवटचं तोंड तरी बघू द्यायचं होतंत."

भागीरथीबाई पतीकडे पाहत होत्या. त्यांच्या तोंडून शब्द फुटले, "मला दाखवला नाहीत."

शास्त्रीबुवा पांढरेफटक पडले. बायकोला सोसवणार नाही म्हणून त्यांनीच तिला झोपेचा काढा दिला होता, आणि ती जागी व्हायच्या आत मुलाला नेऊन पुरलं होतं. त्या काढ्याची गोष्ट त्यांनी कोणालाही सांगितली नव्हती.

"तुला हे कोणी सांगितलं?"

सगुणने डोक्यावरचा पदर खाली घेतला. "कोणीच सांगूक नाय, बुवा. मी रडूक गेलंय, पण ती रोहिदासाची आवस रडूक तयारच नाय. तिका इचारूचा होता."

भाविकहो, ग्रंथांना न सापडलेलं दुखणं रवळनाथाने एका सुताराच्या मुखाने बोलून दाखवलं! धन्य ती कला आणि धन्य ते महाराज!

शास्त्रीबुवांनी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. महाराज म्हणाले, "माझा कुठे अपराध केलात तुम्ही? तिच्याकडे जा."

शास्त्री उठले. आधी सगुणपुढे वाकले, मग सगळ्या गावादेखत पत्नीपुढे हात जोडून उभे राहिले. "चल," ते म्हणाले, "तो कुठे आहे ते दाखवतो."

नदीकाठी त्या जागेपाशी बाई पहिल्यांदा पोटभर रडल्या. शेजारी मातीवर कपाळ टेकून शास्त्रीबुवा कितीतरी वेळ तसेच राहिले.